नगरचे भाषण आणि पॅरिसचे टपाल

नगरकरांना अमेरिका कधी फार लांबची वाटली नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी १८३१ च्या डिसेंबरात इथे बिऱ्हाड थाटले, तेव्हा पेशवाई बुडून पंधरा वर्षेही झाली नव्हती. मग शाळा आल्या, चर्च आले आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही निघाले. सिंथिया फरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली ती याच गावात. पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उचल त्यांनी तिथूनच घेतली.

पुढे १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना. काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जे सोसले, त्याचा आदर म्हणून. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यात होतीच. अर्पणपत्रिकाच ती, पण मला ती नेहमी पत्रासारखी वाटते. पत्ता अमेरिकेचा, आणि वाचणारे मात्र पुण्या-मुंबईचे.

या प्रकरणात जे पत्र आहे ते खरोखर टपालात पडले, थेट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या नावे. लिहिणारा मराठी संपादक होता. त्याची वाट मात्र नगरवरून गेली.

संपादक म्हणजे बाळ गंगाधर टिळक. (१९१६ साली नगरात नुसते ‘टिळक’ म्हटले, तर कुठले, असे विचारायची सोय होती. ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरकरांच्या घरातलेच होते.) लोकमान्य मंडालेहून १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली, जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस. १ मेला बेळगावात टिळकांचे भाषण झाले आणि महिन्याभराने, ३१ मे आणि १ जूनला, नगरात लागोपाठ दोन झाली.

तो काळ डोळ्यांसमोर आणायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. महायुद्ध सुरू होते, आणि हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन नागरिकांना सरकारने नगरच्याच छावणीत आणून ठेवले होते. ‘परका’ कोण आणि ‘आपला’ कोण, हा प्रश्न त्या गावात तारेच्या कुंपणामागे उभा होता. टिळकांनी नेमका तोच शब्द उचलला. परकेपणा धर्मावरून ठरत नाही, कातडीच्या रंगावरूनही नाही, असे त्यांनी नगरकरांना सांगितले. इथे निजामशाही होती. ते राजे मुसलमान, पण ते इथे राहायला आले, त्यांची मुलेबाळे इथेच राहणार होती, इथले धंदे चालावेत असे त्यांना वाटे. त्यांना मी परके म्हणत नाही. ज्याचे हित या देशाच्या हितात नाही, तो परका. भुईकोट किल्ला ज्या गावच्या रोजच्या नजरेतला, तिथे मलिक अंबरची आठवण श्रोत्यांना करून द्यावी लागली नसेल.

हे बोलणे ऐकायला सरकारी माणूसही होता. सी.आय.डी.चा लघुलेखक मराठी वाक्ये टिपून घेत होता. त्यांचे पुढे इंग्रजीत भाषांतर झाले, भाषांतरातली वाक्ये निवडली गेली आणि फौजदारी कायद्याच्या १०८ व्या कलमाखाली नोटीस तयार झाली. ती बजावण्याचा मुहूर्त तर पाहा. २३ जुलै १९१६, टिळकांची साठी. गायकवाड वाड्यात समारंभ, लोकांनी वर्गणी करून जमवलेली एक लाखाची थैली, हारतुरे. आणि त्यातच पोलीस अधिकारी कागद घेऊन हजर. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी का घेऊ नये, याचे कारण दाखवा. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी ऑगस्टमध्ये हुकूम काढला: वीस हजारांचा स्वतःचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन.

हायकोर्टात टिळकांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला. सुटे वाक्य उचलून चालणार नाही, भाषण सबंध वाचले पाहिजे, हे या निकालामागचे सूत्र. नोकरशाहीवर टीका करणे म्हणजे बादशहाशी द्रोह नव्हे, हा टिळकांचा युक्तिवाद तरला. बेळगावात त्यांनी तो खास आपल्या पद्धतीने मांडला होता: एक अदृश्य सरकार, निर्गुण ब्रह्मासारखे, न बदलणारे, आणि दुसरे दृश्य, मायेसारखे, घडोघडी बदलणारे. राजा पहिला, कलेक्टर-मामलेदार दुसरे. ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या माणसालाच सुचावी अशी ही कायदेशीर पळवाट. मी तिला पळवाट म्हणतो, कारण टिळकांना ती तशीच हवी होती: बोलायचे ते बोलून व्हावे आणि कलमातही सापडू नये.

आता या सगळ्याचा अमेरिकेशी काय संबंध? संबंध असा, की नगरच्या खटल्याने ‘होमरूल मागणे हा गुन्हा नाही’ हे कोर्टाकडूनच वदवून घेतले गेले. म्हणजे तीच मागणी आता उघड, सही करून, कोणाकडेही पाठवता येणार होती. आणि तेवढ्यात पत्ताही सापडला.

अमेरिका ६ एप्रिल १९१७ ला युद्धात उतरली. पहिले धाडस मद्रासने केले. तिथले निवृत्त न्यायमूर्ती सर एस. सुब्रमण्य अय्यर यांनी त्याच जूनमध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पत्र लिहिले. ते सरकारी टपालात घालणे म्हणजे सरकारलाच वाचायला देणे. म्हणून हॉचनर नावाच्या अमेरिकन थिऑसॉफिस्ट जोडप्याच्या हाती ते पोचवले गेले. लंडनमध्ये गहजब झाला. भारतमंत्री माँटेग्यू यांनी पत्राला लाजिरवाणे म्हटले. अय्यरांनी आपली ‘सर’की परत करून टाकली.

टिळकांची वाट निराळी होती. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा लाला लजपतराय अडकून पडले होते. युद्ध संपेपर्यंत त्यांना परत येऊ देत नव्हते. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांनी तिथे अमेरिकेची होमरूल लीग काढली आणि पुढच्या जानेवारीपासून ‘यंग इंडिया’ मासिक सुरू केले. गांधीजींच्या त्याच नावाच्या साप्ताहिकाशी त्याची गल्लत करू नये. लालाजींच्या हाताखाली राबत होते ते धारवाडकडचे डॉ. ना. सु. हर्डीकर, तिकडे शिकायला गेलेले, टिळकांच्या पठडीतले. हिंदुस्थानी सेवा दल काढणारे हर्डीकर ते हेच. टिळकांकडून पैसे जात, पत्रे जात. म्हणजे विल्सनला पत्र लिहिण्याआधी अमेरिकेत छापखान्याची सोय झालेली होती. संपादकाचा हिशेब असाच असतो.

८ जानेवारी १९१८ ला विल्सनने चौदा कलमे जाहीर केली. गंमत अशी, की ज्या शब्दासाठी ती कलमे जगभर गाजली, तो ‘स्वयंनिर्णय’ त्यांत नाहीच. तो विल्सनच्या तोंडी आला ११ फेब्रुवारीच्या भाषणात. पण शब्द एकदा सुटला की कोण कुठे उचलेल याचा नेम नसतो. कैरोत, सेऊलमध्ये, पेकिंगमध्ये लोकांनी तो उचलला. पुण्यात टिळकांनी उचलला.

विलायतेला जायला त्यांना दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला कोलंबोपर्यंत गेले आणि पासपोर्टच रद्द झाले. दुसऱ्यांदा निमित्त खासगी होते: ब्रिटिश पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोलवरचा अब्रुनुकसानीचा दावा. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस ते लंडनला पोचले आणि पंधरवड्यातच युद्ध संपले. मेडा व्हेल भागात हौली प्लेस नावाची छोटी गल्ली आहे. तिथल्या १० नंबरच्या घरात ते राहिले. लोकमान्य इथे राहत होते, हे सांगणारी निळी तबकडी आज त्या घरावर आहे.

विल्सन डिसेंबरात युरोपात आले आणि नाताळ होताच लंडनला. मुक्काम बकिंगहॅम राजवाड्यात. २८ डिसेंबरला गिल्डहॉलमध्ये त्यांचे भाषण झाले, रस्त्यांवर ही गर्दी. त्या दिवशी त्यांना ६२ वर्षे पूर्ण झाली. टिळकांना ती जुलैमध्येच झाली होती. दोघेही १८५६ चे. दोघेही आधी मास्तर: एक प्रिन्स्टनला राज्यशास्त्र शिकवणारा, दुसरा पुण्यात गणित. दोघांनाही आपल्या तर्कावर जरा जास्तच विश्वास. त्या आठवड्यात दोघांच्या बिऱ्हाडांमध्ये चारेक किलोमीटरचे अंतर होते. पण राजाच्या पाहुण्याला जाऊन भेटावे, तर मध्ये राजाच उभा. १९१६ साली बेळगावात ज्याला ‘अदृश्य सरकार’ म्हणून बाजूला ठेवले होते, तो आता अगदी दृश्य होऊन विल्सनसाहेबांचा यजमान झाला होता.

विल्सनचा मुक्काम हलल्यावर, जानेवारी १९१९ च्या सुरुवातीला, टिळकांनी त्यांना पत्र पाठवले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व तुम्ही जगापुढे ठेवलेत, शांतता आणि न्याय यांची जगाची आशा तुमच्यावर आहे, तेव्हा ते तत्त्व हिंदुस्थानलाही लावा, असा मजकुराचा आशय. उत्तर आले. तारीख १४ जानेवारी, सही खासगी चिटणीस गिल्बर्ट क्लोज यांची. अध्यक्षांनी तुमचे आभार मानायला सांगितले आहेत; हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून विचारात घेतला जाईल.

हे उत्तर दोनदा वाचण्यासारखे आहे. ज्याने मुंबई सरकारशी चाळीस वर्षे अर्जविनंत्यांचा खेळ खेळला, त्याला ही भाषा पाठ होती. ‘योग्य वेळी’, ‘योग्य अधिकारी’ म्हणजे बहुधा लंडनचे तेच माँटेग्यू. कलेक्टर कचेरीतला शिरस्तेदार ‘अर्ज दाखल करून घेतला आहे’ म्हणतो, त्याचीच ही अटलांटिक आवृत्ती. पण दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकते आणि टिळकांच्या नजरेतून ती सुटली असेल असे वाटत नाही. ‘हिंदुस्थानचा स्वयंनिर्णय’ हे शब्द अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कचेरीतून, सहीनिशी, लेखी आले होते. प्रश्न आहे, इतके तरी कबूल झाले. ब्रिटिश सरकारच्या लेखी तो प्रश्न नव्हताच.

दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे ठरवली होती. टिळकांनी पॅरिससाठी परवाना मागितला, मिळाला नाही. हिंदुस्थानच्या नावाने पॅरिसला बसले माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. मग माणसाऐवजी कागद गेला. ११ मार्चला टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांना लांबलचक पत्र लिहिले. (‘पॅरिसचे टपाल’ हे नाव मी दिले ते या दोन पत्रांवरून. एकटे विल्सनचे घेतले तर गोष्ट अर्धी राहते.) त्याच्या सुमारे अडीच आठवडे आधी चिरोलविरुद्धचा खटला ते हरले होते. प्रतिपक्षाचे वकील सर एडवर्ड कार्सन यांनी त्यांच्या जुन्या अग्रलेखांची लक्तरे कोर्टात वाळत घातली होती आणि खर्चाचा डोंगर डोक्यावर होता. पत्रात याचा मागमूस नाही. सूर फिर्यादीचा नाही, हिशेबनिसाचा आहे. हिंदुस्थान स्वयंपूर्ण आहे. दुसऱ्याच्या मुलखावर त्याचा डोळा नाही. एवढा विस्तार, एवढी लोकसंख्या, तेव्हा तो आशियातली प्रमुख सत्ता होऊ शकेल आणि पूर्वेकडे राष्ट्रसंघाचा बळकट आधार ठरेल. म्हणजे ‘आम्हाला द्या’ असे न म्हणता ‘आम्ही तुमच्या कामाचे आहोत’ असे सांगणे. माझ्या मते टिळकांच्या सगळ्या राजकीय लिखाणात इतका थंड डोक्याने लिहिलेला मजकूर थोडाच.

अमेरिकेच्या इतिहासात याची आधीची एक पायरी आहे. बेंजामिन फ्रँकलिन हाही आधी छापखानेवाला आणि संपादक. १७२९ पासून ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ त्याचे. वसाहतींचा वकील म्हणून तो वर्षानुवर्षे लंडनला राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खासगी पत्रे त्याने बॉस्टनला पाठवली, ती तिथे छापली गेली, आणि जानेवारी १७७४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याला तासभर उभे करून वकिलाने त्याची यथेच्छ निर्भर्त्सना केली. फ्रँकलिन एक शब्द बोलला नाही. कार्सनसमोरचे टिळक वाचताना मला तो आठवतो. फरक एवढाच, की फ्रँकलिनच्या पाठीमागे चार वसाहतींची विधिमंडळे होती. टिळकांच्या मागे होमरूल लीगची वर्गणीची पुस्तके.

आणि ती वर्गणी देणारे तरी कोण, हा प्रश्न नगर जिल्ह्यातूनच विचारला जात होता. नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. तिथून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक चालवत. खेड्यातला छापखाना, खेड्यातलाच संपादक, वाचक शेतकरी. त्यांच्या बाजूच्या मंडळींचे म्हणणे साधे होते: स्वराज्य आले तर ते कोणाच्या हातात जाणार? टिळकांनी १९१७ साली अथणीला, कुणब्याला कौन्सिलात जाऊन काय नांगर धरायचा आहे, अशा अर्थाचे जे उद्गार काढले, ते या लोकांनी कधी विसरू दिले नाहीत, आणि का विसरू द्यावेत? नगरला परकेपणाची इतकी उदार व्याख्या करणारा माणूस दीड वर्षाने अथणीला असे बोलतो, हे कोडे टिळकभक्तांनी अजून नीट सोडवलेले नाही. विल्सनकडे पाहिले तर तिथेही हेच. जगाला स्वयंनिर्णय सांगणाऱ्या या अध्यक्षाच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबले वेगळी झाली. जोतीरावांनी ज्या अमेरिकेला पुस्तक अर्पण केले होते, ती आणि टिळकांनी जिला पत्र लिहिले ती, दोन्ही एकाच नकाशावर होत्या. पत्ता मात्र एक नव्हता.

टिळक परतले ते १९१९ च्या नोव्हेंबरात. दरम्यान अमेरिकेतल्या मंडळींनी आपले काम केले होते. २९ ऑगस्टला सेनेटच्या परराष्ट्र समितीपुढे डडली फील्ड मॅलोन या वकिलाने हिंदुस्थानची बाजू मांडली. समितीला हिंदुस्थानचा कळवळा होता असे नाही. विल्सनचा तह पाडायला तिला कारणे हवी होती, त्यांत हेही एक बसले. नोव्हेंबरात तह सेनेटने फेटाळला. विल्सन तोवर पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. १ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत वारले. ‘योग्य वेळ’ दोघांच्याही हयातीत आली नाही.

नगरला अमेरिकेच्या अध्यक्षाचे नाव पुन्हा निघाले ते १९४२ साली. त्या एप्रिलात नेहरूंनी आणि जुलैत गांधीजींनी रूझवेल्टना पत्रे लिहिली होती. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत काँग्रेसची कार्यकारिणी पकडली गेली आणि आगगाडीने थेट नगरला आणून भुईकोट किल्ल्यात कोंडली. नेहरू, पटेल, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव. त्यांत एक जुना संपादकही होता: ‘अल-हिलाल’ काढणारे मौलाना अबुल कलाम आझाद, तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष. मार्च-एप्रिलमध्ये क्रिप्सशी आणि रूझवेल्टचे दूत कर्नल जॉन्सन यांच्याशी बोलणी करून ते नुकतेच मोकळे झाले होते.

सुरुवातीला बाहेर कोणाला पत्रे लिहायची मुभा नव्हती. तरी आझाद लिहायला बसले. दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला. मायना आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांच्या नावे, मजकूर पहाटेच्या चहाचा, वाचलेल्या ग्रंथांचा, आणि खोलीत घरटे करून कचरा पाडणाऱ्या चिमण्यांचा. आधी त्यांनी त्या हुसकावून पाहिल्या, मग शरण जाऊन हातावर दाणे ठेवायला लागले. राजकारण जवळजवळ नाही. एकेक पत्र पुरे झाले की ते घडी करून बाजूला ठेवत, आणि पुन्हा एखाद्या पहाटे चहा पुढ्यात घेऊन तोच मायना लिहीत. ती छापली गेली १९४६ मध्ये, सुटका झाल्यावर.